गुटीच्या डब्यातली कळलावी

मित्रांनो, मी कळलावीचा एक जुना, वाळलेला तुकडा आहे. आमची फुलं तुम्ही श्रावणात बांधावर पाहिली असतील. तळाशी पिवळी, टोकाला लाल, पाकळ्या मागे वळलेल्या. मी मात्र जमिनीखालचा भाग, कंद. आमच्या कंदाला नांगराच्या फाळासारखे दोन हात असतात आणि दोन्हींत विष भरलेलं असतं.

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत आमचा वेल वाढला. तिथल्या येसूबाई सुईणीचं काम करत. एखादी बाई अडली की त्या कंदाचा एक हात तोडून नेत आणि दुसरा परत मातीत पुरत. ओढ्यातल्या चपट्या दगडावर तो उगाळत आणि लेप बाईच्या तळपायांना लावत. मूल झालं की पाय लगेच धुऊन काढत आणि दगड ओढ्यात फेकून देत. घरातल्या सहाणेला त्यांनी आम्हाला कधी शिवू दिलं नाही.

त्या लेपाने कळा खरोखर किती वाढत, मला माहीत नाही. कुणी मोजलं नव्हतं. पण बाई सुटली की लोक आमचं नाव घेत. ज्या बायका सुटल्या नाहीत, त्यांच्यासाठी आम्हाला कुणी बोल लावला नाही. लाज मला तेव्हाच वाटायला हवी होती. मी फक्त कौतुक ऐकत राहिलो.

मग बायका महाडच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. हे चांगलंच झालं, पण मी मनातून खट्टू झालो.

दोन वर्षांपूर्वी येसूबाईंची नात सेजल मुंबईहून बाळंतपणासाठी माहेरी आली. शेजारच्या बनुबाईंची सून ऋतिका हिलाही दिवस गेले होते. पावसात दरड कोसळून रस्ता बंद झाला तर काय, या काळजीने येसूबाईंनी मिरगाआधीच कंद खणला. या वेळी त्यांनी दोन्ही हात तोडले. एक बनुबाईंना दिला, तो त्यांनी आपल्या गुटीच्या डब्यात टाकला. दुसरा म्हणजे मी. मला येसूबाईंनी तेव्हा वापरात नसलेल्या बाळगुटीच्या डब्यात, हळकुंड आणि हिरड्याशेजारी ठेवलं. रस्ता उघडाच राहिला. दोघी महाडला सुखरूप बाळंत झाल्या आणि मला सगळे विसरले.

सेजलच्या मुलीला रोज सकाळी गुटी देत. येसूबाई आधी वेखंड उगाळत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एके दिवशी त्यांच्या बोटांनी वेखंडाऐवजी मला उचललं.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. हात चुकला आहे, हे मला कळत होतं. तरी मला आनंद झाला. पुन्हा कुणाला तरी माझी आठवण झाली, असं वाटलं. मी सहाणेवर झिजत होतो आणि मनात म्हणत होतो, झिजू दे.

येसूबाईंनी गुटी बोंडल्यात भरली आणि बोंडल्याची चोच बाळाच्या ओठांपाशी नेली.

सेजल हसत म्हणाली, "आजी, रोज त्या वेखंडाच्या वासानं माझं डोकं उठतं. आज कसा नाय आला?"

येसूबाईंचा हात थांबला. त्यांनी बोटं नाकाशी नेली. मला वास नसतो. त्यांनी बोंडलं अंगणात भिरकावलं, सहाण दगडावर आपटून फोडली आणि उंबऱ्यावर बसल्या. 

त्यांचा मुलगा महिपत हळूच म्हणाला, "आये, झालं ते झालं. बाहेर बोलू नको. सारी वाडी तुला मानते."

"आन् बनूच्या डब्यात हाय तो?"

"मी जातो. कायतरी निमित्त करून काढून आणतो."

"तुला वळखाय येल? मला नाय आलं वळखाय."

त्या मला मुठीत घेऊन बनुबाईंकडे गेल्या. ओटीवर चार बायका पावटे सोलत होत्या. येसूबाईंनी सगळ्यांसमोर घडलं ते सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

बनुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काकी, उद्यापासून आमच्या बाळाला गुटी द्यायची होती गो! आता तुझ्या हातात पोर द्यायचं तरी कसं?"

"नको देऊ. आदी डबा आण."

ऋतिकाने डबा ओतला. हळकुंडाखाली माझा जोडीचा हात पडला होता. येसूबाईंनी आम्हा दोघांना वेखंडाशेजारी ठेवलं आणि एकेकीला पुढे बोलावलं. "हात लाव. वास घे. माज्यावर नंतर हसा." कुणी हसलं नाही. ऋतिकाने बाळाला पोटाशी घट्ट धरलं होतं.

मित्रांनो, माझ्या अंगातलं विष मला जन्मापासून मिळालं आहे. त्याची मला लाज नाही. एका बाळाच्या जिवापेक्षा मला माझी आठवण मोठी वाटली, याची आहे. बांधावरचा आमचा वेल उपटू नका, पण कंद घरात आणू नका. ओळख पटल्याशिवाय कुठलंच मूळ कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि हातून चूक झाली, तर त्याच दिवशी शेजारच्या घरी जाऊन सांगा. मान खाली घालून सांगितलं तरी चालेल.