गुरुवारचा जिताडा

भित्र्या माणसाने गळ हातात धरू नये. मासा लागला की पुढे काहीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवणं हे भित्र्याचं काम नव्हे. रुचिरला हे वेळेवर कोणी सांगितलं नाही.

तसा माणूस चांगला. सिंगापुरात वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बायको निहारिका आणि दुसरीतली जाई यांच्यासोबत राहायचा, ऑफिसात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्याची, मुदत संपत आली की त्याची झोप उडायची. या डिसेंबरात अर्ज जाऊन पडला होता आणि उत्तर येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या वरदचा पास नुकताच नाकारला गेला होता, त्याच्या सोफ्याचे आणि फ्रीजचे फोटो विक्रीसाठी अजून ग्रुपवर फिरत होते. निहारिकाचा आणि जाईचा पास रुचिरच्याच पासाला लोंबकळत होता. तो गेला की घर गेलं, शाळा गेली, सगळंच गेलं. लिफ्टमध्ये शेजारी हसला नाही तरी रुचिरला वाटायचं, याला काहीतरी कळलेलं दिसतंय.

त्यात आई आलेली. अरुणाबाई पेणच्या. जिताडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पेणला त्यांच्या माहेरी घरामागच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडायची आणि मोठी झाली की जावयाला वाढायची, अशी रीत होती. पण मार्गशीर्ष लागला की मासळीचं नाव काढायचं नाही. यंदाचे महालक्ष्मीचे गुरुवार तर त्यांनी मुलाच्या पाससाठीच धरले होते.

"घरातल्या एकाच्या जरी तोंडात काटा गेला ना, तरी व्रत बाटलं," त्यांनी पहिल्याच दिवशी सुनेला आणि मुलाला बजावलं होतं. "मग पास मिळाला नाही तर मला बोल लावू नका."

रुचिरचा देवीवर विश्वास होता की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण भित्रा माणूस सगळ्यांनाच वचकून असतो. देवीलाही.

तरीही तो मासे धरायला गेला. पूर्वी कंपनीने त्याला अमेरिकेत डेनव्हरला पाठवलं होतं, तिथे हा नाद लागला. तिकडे हिवाळ्यात तळ्यांमध्ये ट्राउट मासे आणून सोडतात. हौशी माणसं थंडीत कुडकुडत ते धरतात, जरा न्याहाळतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. त्या काठावर उभं असताना रुचिरला कसलीच भीती वाटायची नाही, असं ठिकाण त्याला त्याआधी आणि त्यानंतर कुठेच सापडलं नव्हतं. सिंगापूरला थंडी नाही आणि ट्राउट तर नाहीच, पण पैसे भरून गळ टाकायची तळी आहेत, आणि त्यात मासे आणून सोडलेलेच असतात. वर्षअखेरीच्या सुट्ट्या संपवायच्या होत्या. जाईचीही शाळा बंद होती. गुरुवारी सकाळी आई आंघोळीला गेलेली पाहून बापलेक "पार्कात जातो" म्हणून सटकले. धरायचा आणि सोडायचा, यात व्रताला काय बाधा, असा त्याचा हिशोब.

पाऊस पिरपिरत होता. तळ्यावर कोणी नव्हतं. आणि लागला तो नेमका जिताडा. चांगला हातभर, रुपेरी, डोळे अंगारासारखे. जाई नुसती नाचत सुटली. तिने त्याला लगेच नावही दिलं, मिस्टर सिल्व्हर.

रुचिर गळ सोडवून मासा पाण्यात घालणार, तोच तळ्याचा मालक छत्री घेऊन धावत आला.

"पुट बॅक कॅनॉट," तो म्हणाला. गळ लागलेला मासा जखमेने मरतो, पाणी सडवतो, बाकीचे मासे आजारी पाडतो. धरला तो घरी न्यायचा, हा इथला नियम. आलं घालून वाफवून खा, असंही त्याने वर सांगितलं.

"तुम्हीच ठेवा," रुचिर म्हणाला. मालकाने लगेच सुरा काढला. जाईने असा काही गळा काढला की मालकच घाबरला आणि सुरा ठेवून दिला. शेवटी त्याने रुचिरला झाकणाची एक बादली दिली, तिला बुडबुडे सोडणारा छोटा पंप चिकटवला, आणि हात जोडून दोघांना वाटेला लावलं.

आता आली पंचाईत. आई घट मांडून बसली असणार. लक्ष्मीच्या दिवशी दारात जिवंत जिताडा घेऊन जायचं कोणत्या तोंडाने? बसस्टॉपकडे जाणारी वाट जलाशयाच्या कडेने जात होती. पाणी काठोकाठ भरलेलं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. रुचिरला आजोळचं तळं आठवलं, डेनव्हरचं आठवलं. मासा पाण्यातून आला, पाण्यात गेला, यात कुणाचं काय बिघडतं? त्याने बादली कलती केली. जिताडा क्षणभर काठाशी थांबला आणि दिसेनासा झाला.

"बाय बाय, मिस्टर सिल्व्हर," जाई ओरडली.

"हे, कॅनॉट."

मागे झाडाखाली एक म्हातारे चिनी गृहस्थ उभे होते, रेनकोटात. त्यांनी बाजूच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर माशाचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट मारली होती. मग त्यांनी वर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

रुचिर सॉरी म्हणाला, जाईचा हात धरला आणि पळत सुटला. घाबरलेल्याने पळू नये, पळाला की गुन्हेगार दिसतो, पण हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं खाणंपिणं गेलं. नियम त्याने शोधून वाचला. जलाशयात प्राणी सोडणं गुन्हा, त्याला दंड. दंडाचं त्याला काही नव्हतं. पण दंड झालेल्याच्या पासचं काय होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही त्याला भिण्याला मर्यादा नसते. निहारिकाला त्याने सगळं सांगितलं.

"अरे, एका माशासाठी कोण येतंय घरी?" ती म्हणाली. "सरळ आपणहून कळव आणि मोकळा हो."

"आणि पास?"

मग तिनेही कळवायचा विषय सोडला. आईंना मात्र यातलं काही सांगायचं नाही, एवढं दोघांचं ठरलं. त्या उगाच काळजी करतील.

बेल वाजली की रुचिर दबक्या पावलांनी दाराशी जायचा. पार्सलवाला यायचा, वरच्या मजल्यावरची बाई यायची, तो दाराच्या भिंगातून बघत श्वास रोखून उभा राहायचा. बादली त्याने वॉशिंग मशीनच्या मागे लपवली. फेकून द्यायचीही भीती, कचऱ्याजवळही कॅमेरा असतो. मग एका दुपारी त्याच्या डोक्यात आलं, की जलाशयाचे लोक चौकशीला आले तर पहिल्यांदा पोरीलाच विचारतील.

त्याने जाईला खोलीत नेलं आणि समोर बसवलं.

"कोणी विचारलं ना, मासा कुठे गेला, तर सांगायचं, खाल्ला. आपण सगळ्यांनी घरी खाल्ला. काटे बाबाने काढून दिले. कळलं?"

"बट वी डिडन्ट," जाई म्हणाली.

"आपण तसं म्हणायचं. नाहीतर बाबाला इथे राहू देणार नाहीत. तुझी शाळा सुटेल."

जाईचे डोळे मोठे झाले. रुचिरने मग तालीम घेतली. स्वतः अधिकारी झाला, दरडावून विचारलं, जाईने बरोबर उत्तर दिलं. मग आवाज मऊ केला आणि म्हणाला, "सांग बाळा, खरं सांग. आता सांगितलं तरी चालेल."

जाई फसली. "वी लेट हिम गो," ती हळूच म्हणाली.

"बघ, संपलं सगळं," रुचिर एकदम ओरडला. पोर दचकून रडायला लागली. त्याने तिला जवळ घेतलं, पण तालीम सोडली नाही. "कोणीही विचारलं तरी, कितीही गोड बोलून विचारलं तरी. अगदी बाबाने विचारलं तरी तेच सांगायचं. ती परीक्षा समज." परत परत विचारून घेतल्यावर जाई एकदाही चुकेना, तेव्हाच त्याने तिला खेळायला सोडलं. त्या रात्री त्याला जरा झोप लागली, हे सांगायलाही लाज वाटते.

शेवटचा गुरुवार उजाडला. उद्यापनाची तयारी जोरात होती. लिटिल इंडियातून हार, विड्याची पानं, फळं आली. संध्याकाळी ओळखीतल्या चार सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या. अरुणाबाईंनी कहाणी वाचली, अगदी तल्लीन होऊन. मुलाकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. महिनाभर पाळलेलं निर्विघ्न पार पडलं होतं.

"आता बघ, या आठवड्यात कागद येतो की नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली, आणि यावेळी भिंगातून गणवेश दिसला.

रुचिर दारापासून मागे सरकला. दार निहारिकाने उघडलं. गणवेशातली तरुण मलय बाई हसतमुख होती. सगळीकडे डेंग्यू वाढलाय, घरोघरी साठलेलं पाणी तपासतोय, असं ती अदबीने म्हणाली. निहारिकाने सुटकेचा निःश्वास टाकला. रुचिरपर्यंत मात्र तिचे शब्द पोचलेच नाहीत. त्याला फक्त गणवेश दिसत होता.

बाईने न्हाणीघर पाहिलं, कुंड्या पाहिल्या, घटाकडे पाहून नमस्कार केल्यासारखी मान लववली. मग ती वॉशिंग मशीनपाशी गेली आणि मागून बादली बाहेर काढली. पंप अजून कडेला चिकटलेला होता. तळाशी थोडं पाणीही होतं.

"यू कीप फिश, इज इट?" तिने जाईला प्रेमाने विचारलं. "वेअर इज द फिश?"

जाई तालमीत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"नो मोअर. वी ऑल एट ऑलरेडी," ती शाळेतल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत स्पष्ट म्हणाली. "थर्सडे, बाबा कॉट वन, वी कुक ॲट होम. बाबा टेक आउट द बोन्स. व्हेरी नाइस, लाह."

बाई हसली, पाणी ओतून बादली उपडी ठेवली आणि निघाली. बैठकीत चारही सवाष्णी बसलेल्याच होत्या. अरुणाबाईंना इंग्रजी बोलता येत नसे, पण समजायचं चांगलंच.

"कुठल्या गुरुवारी रे?" त्यांनी विचारलं.

रुचिरने तोंड उघडलं. दार अजून उघडं होतं. ती बाई पलीकडच्या दारात, दोन हातांवर, बूट काढत उभी होती. 'आई, खाल्ला नाही, जलाशयात सोडला,' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला त्याची जीभ वळेना. निहारिका काही बोलणार, तर त्याने तिचा दंड घट्ट धरला.

बायका समजदार होत्या. त्यांनी फळं आणि व्रताची पुस्तकं घेतली आणि एकमेकींकडे न बघता निघाल्या. दार बंद झालं. कडी लागली. मग रुचिरने आईसमोर बसून सगळं सांगितलं, तळं, बादली, पाटी, म्हातारा, कॅमेरा. निहारिकाने दुजोरा दिला. अरुणाबाई ऐकत राहिल्या. त्यांचं हळद लागलेलं बोट तसंच वर राहिलं होतं.

"मग मघाशी का नाही बोललास?"

"ती बाई बाहेर उभी होती, आई."

"ती डास बघायला आली होती." त्यांनी बोटाची हळद पदराला पुसली. "पार्कात जातो म्हणून सांगून मासे धरायला गेलास. बायको तुझी, ती तुझीच बाजू घेणार. आता मी खरं कोणाचं मानायचं? पोर कशाला खोटं बोलेल? मुलं म्हणजे देवाघरची फुलं." त्यांनी घटाकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घेतली. त्या घाबरल्या होत्या. रुचिरने आईला घाबरलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"तिलाच विचार," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

जाईला बोलावलं. आज्जीने तिला मांडीवर घेतलं, केस मागे सारले. "सोन्या, आज्जीला सांग. मासा खाल्लात तुम्ही?"

जाईने दाराकडे पाहिलं. मग बाबाकडे पाहिलं.

रुचिर खाली वाकला. त्याचे डोळे भरून आले होते. शक्य तितक्या मऊ आवाजात तो म्हणाला, "सांग बाळा, खरं सांग. आता सांगितलं तरी चालेल."

म्हणता म्हणताच त्याला कळलं, आपण काय बोललो ते. पण शब्द गेलेले होते.

जाईने बाबाकडे नीट पाहिलं. या खेपेला ती फसणार नव्हती.

"खाल्ला," ती म्हणाली. "सगळ्यांनी. काटे बाबाने काढून दिले."

आणि आज्जीच्या खांद्याआडून तिने बाबाकडे बघून हळूच मान हलवली, बरोबर सांगितलं ना, अशी.