पस्तीसचा रकाना

"मोठ्या सिस्टर, परत लाल झालं बघा," सुकन्या म्हणाली.

राजेश्वरीबाईंनी चष्मा नाकावर चढवला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. तिसगावच्या त्या खाजगी रुग्णालयात त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. पंधरा वॉर्डात, सोळा ह्या नोंदींच्या खोलीत. माणसे उठून त्यांच्याकडे येत. त्या उठून कुणाकडे जात नसत. आणि हे संगणकाचे यंत्र तर जेमतेम तीन आठवड्यांचे.

"लाल झालं म्हणजे तुझं काहीतरी चुकलं. नीट बघून टाक."

"माझं न्हाई चुकलं. ह्या मावशींचं वय जुळंना. जुन्या कागदावरून सेहेचाळीस येतंय आणि आधारवर साल हाय नव्वद."

बाकावर भागूबाई बसली होती. कंबर धरून, एका कुशीवर कललेली. केस अर्धेअधिक पिकलेले, हातांवर उसाच्या पाचटाने ओढलेल्या जुन्या रेघा. जिने उतरताना हाडे कुरकुरतात, रात्रभर अंगाची आग होते, एवढे सांगायला ती पाथर्डीकडच्या वस्तीवरून दोन वाहने बदलून आली होती.

"भागूबाई, वय किती तुझं?" राजेश्वरीबाईंनी दरडावून विचारले.

"लिवा की तुमच्या मनानं. मागल्या टायमाला बी तुमीच लिवलं हुतं."

मागल्या वेळी म्हणजे अकरा वर्षांपूर्वी. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाने टेम्पो भरून बाया आणल्या होत्या आणि त्यांतल्या एकीची, हिची, गर्भाची पिशवी काढली होती. राजेश्वरीबाईंना तो टेम्पो आठवला. तसे कितीतरी टेम्पो आठवले. पण बाई आठवेना.

त्या उठल्या. लाल फडक्यात बांधलेले रजिस्टर त्यांनी स्वतः सोडले. पाने स्वच्छ, अक्षर मोत्यासारखे, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. पुण्याच्या कंपनीचा पोरगा पडद्यावर चित्रे दाखवून संगणकाचे फायदे सांगत होता, तेव्हा मागे उभ्या राहून त्या मनात हसल्या होत्या. पेशंटचा सगळा इतिहास एका बोटावर येईल, म्हणे. कोणी, कधी, काय बदलले ते कायमचे राहील, कुणालाही पुसता येणार नाही, म्हणे. आम्ही काय आजवर पुसत बसलो होतो?

भागूबाई सापडली. वय वर्षे ३५. निळी शाई, ठसठशीत आकडा.

"आधारची झेरॉक्स तेव्हापासून ह्याच कागदाला टाचलेली हाय," सुकन्या हळूच म्हणाली. "चोवीस वर्षांच्या हुत्या ह्या, सिस्टर. पिशवी काढली तेव्हा."

राजेश्वरीबाईंनी रजिस्टर तसेच उघडे ठेवले आणि पडद्याकडे वळल्या. "पिशवीची सगळी ऑपरेशनं एकाखाली एक येतात का ह्यात?"

"येतात की. ह्यासाठीच तर घेतलंय."

सुकन्याने दोन कळा दाबल्या आणि यादी आली. एकशे सोळा नावे. तीन आठवडे ह्या पोरीने मान मोडून जुने कागद भरले होते, त्यांतून ती उतरली होती. पुढच्या रकान्यात वय: ३५. ३५. ३५. खाली, आणखी खाली, पडदा सरकत राहिला आणि पस्तीस संपेनात. शेजारी जन्मसालावरून यंत्राने काढलेले तेव्हाचे खरे वय. पंचवीस. तेवीस. सत्तावीस. एकीचे एकवीस.

कागदावर ह्या बाया वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गठ्ठ्यांत निजलेल्या होत्या. प्रत्येकीसाठी राजेश्वरीबाईंनी नवे पान उलटले होते आणि प्रत्येक पानावर एकच पस्तीस होता. एवढे एका ओळीत उभे राहायला ह्या निर्जीव डब्याची गरज पडावी?

टेबलावरचा चहा राजेश्वरीबाईंनी दूर सारला. बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि परत धुतले.

डॉक्टर रविराज आले ते मोबाईल कानाला लावूनच. त्यांच्या वडिलांनी हे रुग्णालय उभे केले आणि राजेश्वरीबाईंनी ह्याच रविराजला शाळकरी वयात वॉर्डाच्या व्हरांड्यात वरणभात वाढला होता.

"मावशी, अजून डेटा अडकलाय? सोमवारी तपासणीची माणसं येणार आहेत."

"वयं जुळत नाहीत, रविराज."

डॉक्टरांनी पडद्यावर नजर टाकली आणि फोन बंद केला. "सुकन्या, बाहेर जा."

"ती इथेच बसेल," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दार लोटून घेतले. "बरं. लाल आलं तरी नोंदप्रमुखाच्या पासवर्डनं मंजूर करता येतं. कारण लिहायचं, 'पेशंटने सांगितलेले वय'. तुझ्या नावानं करून टाक. दहा मिनिटांचं काम."

"पेशंटने सांगितलेलं नव्हतं. तू सांगितलेलं होतं. 'ह्या बायांना वय ठाऊक नसतं, मावशी, पस्तीसच टाकत जा. पस्तिशीच्या आतली असली की विम्यावाले नाही ते विचारतात.' इथेच, ह्याच दारात उभा राहून."

"त्या स्वतःहून यायच्या! पाळीत खाडे होतात, मुकादम कटकट करतो, काढून टाका म्हणायच्या. मी कुणाला घरून ओढून आणलं नाही."

"कॅन्सर होईल, असं तू सांगायचास."

"आणि लिहिलं कुणी?" रविराजचा आवाज चढला. "अक्षर कुणाचं आहे ते?"

सुकन्याने मान खाली घातली. बाकावरची भागूबाई उगीच पदर सारखा करू लागली.

राजेश्वरीबाईंना त्या क्षणी त्याच्या इस्त्रीच्या कॉलरची शिसारी आली, अंगाला येणाऱ्या अत्तराची आली. पण त्याहून मोठी शिसारी त्या उघड्या रजिस्टरातल्या वळणदार पस्तिसाची आली. ह्या अक्षराचे कौतुक त्यांनी आयुष्यभर ऐकून घेतले होते.

"माझं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ते दुरुस्त मी करणार. सुकन्या, ऊठ. खुर्ची दे."

"मावशी, विचार कर. एकदा नोंद झाली की मलासुद्धा पुसता येणार नाही ती."

"ठाऊक आहे. तो पोरगा फायदे सांगत होता तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, मी ऐकत होते."

"तुझंच नाव जाईल वर."

"जाऊ दे. सोळा वर्षांत ह्या खोलीतून माझ्या नावानं गेलेली एवढी तरी एक गोष्ट खरी असेल." त्यांनी दाराकडे बोट केले. "तू आता जा. पेशंट थांबलेत. आणि हिची हाडं तपासायला लिहून दे. कोवळ्या वयात काय काढून घेतलंस ते आठवून लिही."

रविराज गेले. दार आपटले नाही, एवढेच.

राजेश्वरीबाईंना कळांवर अक्षरे सापडत नव्हती. सुकन्या शेजारी उभी राहून बोटाने दाखवी; त्या एकेक दाबत. पासवर्ड. मग कारणाचा रकाना. त्यांनी लिहिले: 'वय चुकीचे लिहिले होते. लिहिणारी मीच.' पडद्यावरचा लाल पट्टा गेला आणि खाली बारीक अक्षरांत उमटले: त्यांचे संपूर्ण नाव, आजची तारीख, अकरा वाजून बावीस मिनिटे.

"हे एकदा लिहून सगळ्यांना लावता येतं, सिस्टर. मी दाखवते."

"नको. एकेकीचं वेगळं लिहीन."

"एकशे सोळा हायेत."

"मोजता येतं मला."

भागूबाई बाकावरून उठली. कंबरेवर हात ठेवून टेबलापाशी आली. यंत्राकडे तिने दबकत पाहिले, मग ह्या एवढ्या मोठ्या बाईकडे, जी एकेका अक्षरासाठी कळा धुंडाळत होती.

"मंग काय निघालं, सिस्टर? मी किती वर्सांची हाय?"

राजेश्वरीबाईंनी पडद्यावरचा आकडा वाचला. परत वाचला.

"पस्तीस," त्या म्हणाल्या. "आज तू पस्तीस वर्षांची आहेस."

भागूबाईने तोंडाला पदर लावला आणि ती हसली. पोर हसावे तशी, लाजून.

"अगं बया! मला वाटलं, म्हातारीच झाले मी. माजी सासू बी मला म्हातारे म्हनती."

राजेश्वरीबाई खुर्चीतून उठल्या आणि पेशंटसाठी त्यांनी ती पुढे ओढली. भागूबाई अवघडून टेकली. राजेश्वरीबाई तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, वाकून पुढची कळ शोधू लागल्या.

"दुसरं नाव सांग, सुकन्या."

"बनुबाई. वय पस्तीस."

"खरं सांग."

"तेवीस."

"हं," त्या म्हणाल्या, आणि उभ्यानेच लिहू लागल्या.