फुलीचा परवाना

अमेरिकेतल्या केंटकीत आमची नवी काउंटी, म्हणजे जिल्हा, झाली ती माझ्या लग्नापायी. लग्नाचा परवाना आणायचा तर घोड्यावरून दोन दिवस जा, दोन दिवस या. म्हणून मी घरोघर हिंडून नव्या काउंटीच्या अर्जावर एकशे बारा सह्या गोळा केल्या. काउंटी मंजूर झाली आणि परवाना मिळायचाच बंद झाला.

नव्या काउंटीला कारकून नव्हता. जुन्या काउंटीचा कारकून म्हणाला, "तुम्ही आता आमचे राहिला नाहीत, ओबेड. परक्यांना आम्ही देत नाही."

कारकून नेमायचा सहा न्यायाधीशांनी, आणि कचेरी बांधून होईस्तोवर त्यांनी बसायचं प्रुइटकाकांच्या घरी, असा सरकारी हुकूम होता. प्रुइटकाका म्हणजे माझे होणारे सासरे. कचेरी गिरणीपाशी बांधायची की मिठाच्या झऱ्यापाशी, यावरून तिघं एकीकडे, तिघं दुसरीकडे. कारकूनही दोन्ही बाजूंना आपापला हवा. महिन्यातून एकदा येत, भांडत, लग्नासाठी धुरावून टांगलेली डुकराची एक मांडी फस्त करत आणि पुढची तारीख तेवढी एकमताने ठरवत.

"किती उरल्या?" मी केझायाला, म्हणजे नवरीला, विचारलं.

"एक. तीही त्या न्यायाधीश टल्लीने हेरून ठेवलीय."

चौथ्या महिन्यात माझं डोकंच फिरलं. "कुणालाही नेमा!" मी ओरडलो. "या खांबाला नेमा!"

खांबाचा विचार झाला. पण तो गिरणीकडच्या लाकडाचा निघाला. मग न्यायाधीश टल्ली माझ्याकडे बघून म्हणाले, "याला लिहिता येतं. आणि कचेरी कुठेही होवो, याला सोयरसुतक नाही."

सहाही हात वर गेले. मी शपथ घेतली, दौत उघडली आणि स्वतःचा परवाना लिहायला बसलो.

"अंहं," टल्ली म्हणाले. तोंडात शेवटच्या मांडीचा घास होता. "कारकुनाला स्वतःला परवाना देता येत नाही, बाळा."

"मग राजीनामा घ्या."

"घेऊ की. पुढच्या महिन्यात बसू त्यावर."

केझायाने पळी टेबलावर आपटली. "कारकुनाला नायब नेमता येतो ना?"

येत होता. न्यायाधीश आणि आम्ही नवरा-नवरी सोडलो तर खोलीत प्रुइटकाकाच उरले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नायबाला यावं असं कायद्यात कुठे नव्हतं.

काका माझ्या खुर्चीत बसले आणि बदललेच. "नाव?"

"काका, मी ओबेड."

"इथे कुणी काका नाही. मुलीचं वय?"

"एकोणीस. तुम्हाला माहीत..."

"एकवीसच्या आत. बापाची संमती लागेल. बाप कुठाय?"

"बाबा, बास," केझाया म्हणाली.

काका उठून बाहेर गेले, दार ठोठावून टोपी काढत आत आले. "मी मुलीचा बाप. हे सहाजण घरातून जाणार असतील, तर लावा तिचं लग्न कुणाशीही."

"कुणाशीही?"

"तुझ्याशीसुद्धा."

मी संमती लिहिली, काकांनी खाली फुली मारली. मग परत खुर्चीत बसून त्यांनी कागद उजेडात धरला.

"ही फुली त्यांचीच कशावरून?"

"मी पाहिलं मारताना," मी दात आवळून म्हणालो.

"साक्षीदार दोन लागतात."

"दुसरी मी," केझाया म्हणाली. मग माझ्या कानाशी, "हसलास तर याद राख."

नायबांनी बराच वेळ घेऊन परवान्यावर दुसरी फुली मारली. शाई वाळायच्या आत केझायाने कागद ओढला, माझी बाही धरली आणि पाद्र्याच्या घराकडे निघाली. कारकूनच गेला तर आजचं भांडण लिहून कोण घेणार, असं टल्ली दारातून ओरडत होते.