सांभाळायला दिलेली घोडी

मी एक जुनी घोडी आहे, मित्रांनो. वरातीची नाही, टांग्याची नाही, शर्यतीची तर अजिबात नाही. मी ओझ्याची घोडी आहे. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून माझं नाव टिकली. आता तो ठिपका धुराने राखाडी झाला आहे, आणि इथे इंदापूरकडच्या वीटभट्टीवर मला टिकली म्हणून कुणी हाकही मारत नाही. "ए, चल" एवढंच माझं नाव. माझी गोष्ट फार लांब नाही, पण नीट ऐका. तिच्यात वाईट असं कुणीच नाही आणि तरीही माझं वाटोळं झालं. ते कसं झालं याचा मी उभ्या उभ्या पुष्कळ विचार केला आहे. आम्हा घोड्यांना विचाराला वेळ भरपूर मिळतो.

बारामती तालुक्यात लोणी भापकर नावाचं गाव आहे. तिथला सिद्धू आणि त्याची बायको सारजा हे माझे धनी. त्यांची मेंढरं होती. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचे. अशाच एका वाटेवर, भोरच्या अलीकडे, एका शेताच्या बांधाला माझा जन्म झाला. सारजा तेव्हा नवी नवरी होती. माहेर मागे राहिलं होतं, सासू कडक होती, आणि रानात रडायला आडोसासुद्धा नव्हता. ती माझ्या आईच्या पोटाआड येऊन रडायची, आणि मी तिथेच दूध पीत असायचे. आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

आमच्या लोकांत पुरुष मेंढरांमागे चालतात आणि बिऱ्हाडाची घोडी बाईच्या हातात असते. मी ओझ्याची झाले तेव्हापासून सारजाचं सगळं घर माझ्या पाठीवर होतं. पातेली, तवा, पिठाचं गाठोडं, घोंगड्या, कोंबड्यांचं खुराडं, चालता न येणारी कोकरं. पुढे तिला एकामागून एक मुली झाल्या. तीन मुलींवर चौथीही मुलगीच म्हणून सासूने तिचं नाव नकोशी ठेवलं, आणि तीही माझ्याच पाठीवर, घोंगड्यांच्या खळग्यात बसून वाढली. एकदा घाटात समोरून ट्रक आला आणि भोंगा असा वाजवला की आमचा दुसरा घोडा, भुऱ्या, ओझ्यासकट कठड्याला धडकला. मी जागची हलले नाही. वर नकोशी होती ना! त्या संध्याकाळी सारजाने स्वतःच्या वाटणीची भाकरी मला चारली आणि सिद्धूला म्हणाली, "माणसाला न्हाय एवढी अक्कल हाय हिला." हे वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलं आहे. कौतुक आमच्या वाट्याला रोज थोडंच येतं.

माझ्या गळ्यात शेळीच्या केसांचं दावं असायचं. सारजाने ते स्वतः वळलं होतं आणि त्याला एक लाल गोंडा लावला होता. या दाव्याबद्दल तुम्हाला एक रीत सांगायला हवी. आमचे लोक जनावर विकतात, पण दावं विकत नाहीत. गिऱ्हाईक आपलं दावं घेऊन येतं, ते जनावराच्या गळ्यात पडतं, आणि जुनं दावं काढून धनी घरी ठेवतो. दावं गेलं तर दावणीची बरकत जाते असं मानतात. आणि जनावर नुसतं सांभाळायला दिलं, तर ते आपल्या दाव्यासकट जातं. म्हणजे बघणाऱ्याला न सांगता कळतं की हे माघारी यायचं आहे.

१९९४ साली सिद्धूने मेंढरं विकून टाकली. कॅनॉलच्या पाण्याने सगळीकडे ऊस झाला होता, मेंढरं बसवायला मोकळं रान उरलं नव्हतं, आणि सिद्धूला एका साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली होती. नकोशी शाळेत जाऊ लागली. भुऱ्याला व्यापारी घेऊन गेला. त्याचं दावं उतरवलं तेव्हा तो खुळ्यासारखा मान खाली घालून उभा राहिला. ते दावं सारजाने घरात खुंटीला टांगलं. मी ते दारातून रोज बघायचे.

मग माझी पाळी आली. सिद्धू म्हणाला, "टिकलीचंबी गिऱ्हाईक बघतो. कडबा गाईलाच पुरंना झालाय."

"माझं घर हिच्या पाठीवर व्हतं," सारजा म्हणाली. "घर कुणी इकतं व्हय?"

"आगं, पर रिकामी उभी करून खायाला काय घालायचं हिला?"

"सांभाळायला दिऊ. काम करंल, खाईल. त्यास्नी नको झाली की माघारी आणू."

सिद्धू मनाचा भला. त्याने ऐकलं, आणि सारजा माझ्यासाठी घर शोधायला निघाली. गावोगाव ती पायी हिंडली. गोठ्यात शिरून खालची जमीन चाचपायची, वैरण हुंगायची, धन्याच्या हाताखालच्या जनावरांच्या पाठी बघायची. घोडी कुठं बांधाल, पाणी कोण पाजंल, मारायची सवय कुणाला हाय का, असले प्रश्न विचारायची. लोक हसायचे. पणदऱ्याचे अप्पा म्हणून एक दूधवाले होते, ते म्हणाले, "सारजाबाई, पोरीची सोयरीक जुळवताय का घोडीची?" त्यावर ती म्हणाली, "पोरगी तोंडानं सांगती तरी, अप्पा. हिनं कुणाला सांगायचं?"

पहिल्यांदा मी या अप्पांकडेच गेले, माझ्या दाव्यासकट. सकाळी दुधाच्या किटल्या वाहायच्या, एवढंच काम. अप्पांचा जीव म्हशींवर, आणि मला त्यांनी म्हशींच्याच रांगेत बांधलं. म्हशीला ओल चालते. मला चालत नाही. पंधरा दिवसांनी सारजा बघायला आली, माझा पाय उचलला, खूर नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "अप्पा, खूर सडायला लागलाय." अप्पा बिचारे ओशाळले. त्याच दिवशी ती मला घेऊन लोणीला आली.

दुसरं घर कोऱ्हाळे बुद्रुकचं, एका बँडवाल्याचं. त्याला नवरदेवासाठी घोडी हवी होती. मला झूल घातली, डोक्याला तुरा लावला. मी वाजंत्रीला घाबरले नाही, पण मला एक खोड होती. मोकळं रान आणि जवळ पाणी दिसलं की बिऱ्हाड उतरवायची जागा आली असं समजून मी थांबायचे. वाटेत तळं लागलं आणि मी नवरदेवाला घेऊन तिथे उभी राहिले ते हललेच नाही. मुहूर्त टळायला आला. शेवटी नवरदेव उतरून पायी गेला. दुसऱ्या दिवशी बँडवाल्याने मला स्वतःहून आणून सोडलं आणि चहालाही थांबला नाही. सारजा पदर तोंडाला लावून हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

१९९५ची दिवाळी झाली आणि लोणीच्या शिवारात मेंढरांचा एक तळ पडला. माणसं इंदापूरच्या बाजूची, कोकणाकडे निघालेली. त्यांची एक घोडी वाटेत साप चावून मेली होती आणि तानूबाई नावाची म्हातारी डोक्यावर ओझं घेऊन चालत होती. सारजा धावतच तिकडे गेली. त्यांच्या दुसऱ्या घोड्याची पाठ तिने दाबून पाहिली. एकही व्रण नव्हता. घरी येऊन मला म्हणाली, "टिकले, घर गावलं गं. तुझं आपलं काम, आपली माणसं, आपली वाट." मला एवढा आनंद झाला की मी रात्रभर पाय आपटत होते.

सिद्धूची कारखान्यावर पाळी होती, म्हणून मला पोचवायला सारजा एकटीच आली. तिने तानूबाईला सगळं सांगितलं. डाव्या कानाला हात लावलेला हिला खपत नाही, ओल्यात बांधू नका, उतारावर दावं सैल धरा. फक्त माघारी द्यायचं तेवढं ती बोलली नाही. अप्पांना तिने ते बजावून सांगितलं होतं, बँडवाल्यालाही सांगितलं होतं. पण तानूबाई आपल्यातली. तिला अटी घालायच्या म्हणजे तिचा अपमान करायचा, असं सारजाला वाटलं.

आणि मग तिने ती चूक केली. माझं जुनं दावं एका जागी झिजलं होतं. घाटात तुटलं तर घोडी दरीत जाईल, म्हणून तिने चार दिवस बसून माझ्यासाठी नवं दावं वळलं होतं. ते तिने माझ्या गळ्यात घातलं, जुनं सोडवलं आणि छातीशी धरलं.

तानूबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिने विचारलं, "दावं ठिवतीस, पोरी?"

"व्हय मावशी," सारजा रडत म्हणाली. "एवढं तरी राहू द्या माझ्याजवळ."

मग तानूबाईने गाठोड्यातून एक खण काढून सारजाच्या ओटीत घातला. जनावर कायमचं घेताना रिकाम्या हाताने नेऊ नये म्हणून तिने तो दिला. सारजाला वाटलं, म्हातारीने माया केली. आणि मला काय वाटलं ते विचारू नका, मित्रांनो. मी भुऱ्याचं दावं उतरताना पाहिलं होतं. मी खच्चून खिंकाळले. सारजा म्हणाली, "बघा, तिलाबी करमंना."

तानूबाईने मला चांगलं वागवलं. ओलीत बांधलं नाही, कानाला हात लावला नाही. पण मी त्या वर्षभरात एकदाही तिच्या हाताला तोंड लावलं नाही. मी रुसले होते. तिच्यावर नाही, सारजावर. ज्या बाईचं घर मी वाहिलं तिने मला काढून टाकलं, हे मला गिळवत नव्हतं. चालतानासुद्धा मी कुढायचे. उन्हाळ्याच्या शेवटी, परतीच्या वाटेवर घाटात, असाच पाय चुकला आणि गुडघा दगडावर आपटला. तो पुन्हा पहिल्यासारखा वळलाच नाही.

लंगडी घोडी कोकणापर्यंत चालणार नाही. भट्टीवर लांब चालायचं नसतं, चिखलाच्या विटा पाठीवर घेऊन चाळीस पावलं जायचं आणि यायचं. तानूबाईच्या घरच्यांनी मला भट्टीवाल्याला विकलं. तानूबाईने रीतीप्रमाणे सारजाचं नवं दावं काढून घेतलं आणि माझ्या गळ्यात नायलॉनची दोरी आली. तीही रडली. तिने काहीच चुकीचं केलं नाही, कारण तिच्या समजुतीने मी तिची होते.

पुढची दिवाळी झाली. एका दुपारी मी विटा घेऊन वळले आणि भट्टीच्या वाटेवर दोन बाया दिसल्या. एक तानूबाई. दुसरी पळत येत होती, आणि तिच्या हातात माझं जुनं दावं होतं. तळ लोणीला आला तेव्हा सारजा मला भेटायला गेली होती आणि तिथे तिला कळलं होतं. दोघी तशाच एसटीत बसून इकडे आल्या होत्या.

सारजाने माझा गुडघा पाहिला आणि खाली बसली. "मावशी, म्या सांभाळायला दिली व्हती गं हिला," ती म्हणाली. "कायमची न्हवं."

"मग दावं का ठिवलंस, बये?" तानूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "म्या इचारलं व्हतं की तुला!"

"मला वास ऱ्हावा म्हणून ठिवलं हिचा. दुसरं काय बी मनात न्हवतं."

मित्रांनो, तेव्हा मला समजलं. तिने मला काढून टाकलं नव्हतं. मी एक अख्खं वर्ष तिच्यावर उगाच रुसले होते, आणि त्या रुसण्यापायीच पाय मोडून घेतला होता.

सारजा भट्टीवाल्याच्या पाया पडली. तिने दुसरी घोडी द्यायची तयारी दाखवली. तो काही कसाई नव्हता, पण त्याचा हंगाम सुरू झाला होता. तो म्हणाला, "बाई, मी इकत घेतलीया. दावं कुणी काढलं? ह्या म्हातारीनंच ना? आन् तिच्याआधी तुमी. मग आता कशाला मागताय? हंगाम झाल्यावर बघू."

रीत सारजाचीच होती. तिने माझ्या गळ्याशी गाल टेकला आणि पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. मी तिच्या हाताला तोंड लावलं. मग तिने ते जुनं, झिजलेलं दावं नायलॉनच्या दोरीवरून माझ्या गळ्यात बांधलं, लाल गोंडा पुढे आणला, आणि वळून न बघता एसटीच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर तीन हंगाम झाले. दर पावसाळ्याच्या तोंडावर सारजा यायची आणि भट्टीवाला म्हणायचा, "बघू." गेल्या पावसाळ्यात ती आली नाही. आजारी असेल, किंवा सिद्धूने अडवलं असेल. गोंडा केव्हाच गळून पडला. माझे डोळेही आता गेल्यातच जमा आहेत.

तुम्हाला एवढंच सांगते. एखादं मुकं जनावर कुणाच्या हवाली कराल तेव्हा जे सांगायचं ते तोंडाने सांगा. आपल्या माणसाला तर दोनदा सांगा. लाज वाटली तरी सांगा, रडू आलं तरी सांगा. तुम्ही न बोललेल्या एका वाक्याचं ओझं आमच्या पाठीवर येतं.

भट्टीवरची माणसं हे दावं बघतात आणि म्हणतात, म्हातारीच्या गळ्यात ही कसली जुनी दोरी, काढून टाका. कुणी हात लावला की मी चावते. आयुष्यात कुणाला न चावलेली मी घोडी, पण याला हात लावू देत नाही. कारण रीत मला ठाऊक आहे. गळ्यात आपल्या धन्याचं दावं आहे तोवर जनावर विकलेलं नसतं. मी इथे नुसती सांभाळायला दिलेली आहे.