शेवटच्या बांधीचं पाणी

चार महिने गुणाबाईने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि याचा तिला कोण अभिमान! नवरा सोमाजी पोटाच्या कॅन्सरने खाटेला खिळलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी ‘दसरा पाहतील, पुढचं सांगता येत नाही’ म्हणून घरी पाठवलेला. तेव्हापासून त्याच्या गोळ्या, पेज, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं ही एकटी करी. शेजारची तुळसा मदतीला आली की दारातच चहा पाजून तिची बोळवण होई.

गावची आशा कार्यकर्ती शुभांगी मात्र चहावर भागणारी नव्हती. श्रावणातल्या एका सकाळी ती वही उघडून बसलीच.

“काकू, तुमाले कायची मदत पायजे ते आत्ताच ठरवून ठेवू. मंग ऐनवेळी धावपळ नको.”

गुणाबाईने भराभर सांगितलं. नरम गादी, दुखण्याचं औषध, पाठीला लावायची पावडर.

“हे सारं काकाचं झालं. तुमचं सांगा.”

“मले का झालं? मी धडधाकट आहो,” गुणाबाई म्हणाली आणि ऐटीत चहाचा कप पुढे केला. शुभांगीने एक घोट घेतला आणि तिचं तोंड बघण्यासारखं झालं. चहात साखरेऐवजी मीठ होतं.

खाटेवरून सोमाजी हसला. दुखलं तरी हसला. “कालचा बी तसाच होता. मी पेलो मुकाट्यानं.”

गुणाबाई चिडली, आणि चिडता चिडता तिला रडू फुटलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते असं चारचौघांत उघडं पडलं होतं.

सोमाजी तीस वर्षं गावच्या तलावाचा पाणकर होता. धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यात, कधी पाणी सोडायचं, ते तो ठरवी. त्याचा हट्ट एकच, तलावापासून सगळ्यात लांबच्या बांधीला पाणी आधी. जवळच्यांना काय, झिरपूनही मिळतं. आणि कोणी पाळी चुकवली, की भर चावडीत त्याची खरडपट्टी निघे.

“शुभांगी, कॅलेंडर काढ,” तो म्हणाला. “या घरातली शेवटची बांधी गुणी आहे. कोरडी पडून राहिली. पहिलं पाणी तिले.”

मग दम खात खात त्याने पाळ्या लावल्या. मंगळवारी दुपारी तुळसा खाटेजवळ बसेल, गुणीनं झोपाचं. शुक्रवारी समोरची शकुनबाई येईल, गुणीनं साकोलीचा बाजार फिरून याचं. शुभांगी लिहीत गेली, एकेक महिन्याचं पान उलटत गेली.

“अवं, दसऱ्याचं पान होऊन गेलं ना!” गुणाबाई ओरडली. “डिसेंबर कायले लिहून राहिली?”

शुभांगीचा पेन थांबला.

“लिही,” सोमाजी म्हणाला. “धान लोंबीवर आल्यावर पाणी चुकवून चालत नाही. तवा पाणकर असो का नसो. डिसेंबरात तुळसानं हिच्यासंग जेवाचं. एकटी असली का ही जेवत नाही.”

पदराने तोंड पुसून गुणाबाईने शुभांगीच्या हातातला पेन हिसकावला. रविवार रिकामे होते. तिने वेड्यावाकड्या अक्षरांत प्रत्येक रविवारी ‘सोमाजी’ लिहिलं, थेट डिसेंबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत.

“हे का?” सोमाजीने विचारलं.

“तुमची पाळी. मायाजवळ बसून गोठी सांगाच्या,” ती म्हणाली. “अन् चुकवली तर पाहा!”