दुपारचा रकाना

मणकेवालीने बाळाला दोन्ही तळव्यांवर उताणं घेतलं, पिकलेला टोमॅटो दाबून बघावा इतक्या हलक्या हाताने मानेच्या मागे अंगठा ठेवला, आणि ते रडायचं थांबलं. घरून निघाल्यापासून ज्याने रिक्षा डोक्यावर घेतली होती तो चार महिन्यांचा जीव आता त्या परक्या बाईकडे टकामका बघत होता.

"अगं बाई!" सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकलं.

मणकेवाली हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. दारावरच्या पाटीवर कायरोप्रॅक्टर असं लिहिलेलं, ते त्यांनी दोनदा वाचलं आणि सोडून दिलं. बाई पन्नाशीची, केस आखूड, बोलणं नेमकं.

"मी हाडं मोडत नाही, आजोबा. घाबरू नका," ती बाळाच्या पाठीवरून दोन बोटं फिरवत म्हणाली. "प्यालेलं दूध वर येतं, घसा जळतो, म्हणून हा पाठीची कमान करतो. कमान करून करून अंग आखडतं. ते सैल करायचं, एवढंच माझं काम. दूध टाकणं थांबेलच, असं मी म्हणणार नाही. औषध डॉक्टरांचं चालू ठेवा."

"मग तुमचा उपयोग काय?" आजोबांनी विचारलं.

"बाबा!" सूनबाई म्हणाली.

"तेच बघायचंय," बाई हसली. "वही ठेवा. रोजचे तीन रकाने. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दूध टाकलं की वेळ लिहायची, नाहीच जमलं तर नुसता आकडा. दर आठवड्याला एकदा या. चार वेळा बघू. फरक दिसला तर दिसला, नाहीतर मी आपणहून थांबेन."

आजोबांनी जन्मभर विजेची मीटरं वाचली होती. आकडा लिहायचा म्हटलं की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे आपोआप जाई. आज गेला नाही.

घरात माणसं तीन आणि हे बाळ. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा. सूनबाई साडेअकराला कामावर जाई ती सहाला परत येई. मधला सगळा वेळ आजोबांचा. पाजून झालं की बाळाला अर्धा तास उभं धरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाळण्यात ठेवलं की ते किंचाळे, आईच्या खांद्यावर वळवळे, आणि आजोबांच्या उजव्या खांद्यावर मात्र गोगलगायीसारखं चिकटून झोपे. आजोबा त्याला साहेब म्हणत. "साहेबांनी आज शर्टावर सही केली," असं शेजाऱ्याला सांगताना त्यांची छाती दोन इंच फुगे. बायको गेल्यावर पाच वर्षं त्यांची वाट बघणारं घरात कोणी नव्हतं. आता साडेअकरा वाजले की कोणीतरी हात पसरत होतं.

आणि आता ही बाई. बारा मिनिटांत, दोन बोटांत!

दुसऱ्या भेटीनंतर सूनबाई फोनवर नवऱ्याला सांगत होती, "त्यांच्या हातात जादू आहे हो. काल तर तो पाळण्यातच झोपला, कोणी उचललंसुद्धा नाही." आजोबा स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. चिमट्यातून बाटली निसटली आणि गरम पाणी बोटांवर उडालं. पाणी जरा कमीच गरम असावं, कारण त्याहून जास्त दुसरं काहीतरी भाजलं.

त्या दुपारी साहेबांनी दोनदा दूध टाकलं. आजोबांनी दोन्ही वेळा लिहिल्या. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले, आणि खाली आणखी एक वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी दोन खऱ्या, दोन खोट्या. एकदा हात सैल सुटला की लाज मागे राहते. बाळ खांद्यावर शांत झोपलेलं असे, त्याचा गरम श्वास मानेला लागत असे, आणि आजोबा डाव्या हाताने लिहीत, दोन वीस, ओकला. बघू या जादूगारीण काय करते ते. आपल्या पोटात दुखतंय हे त्यांना कळत होतं. पण औषध दुसऱ्याने घ्यावं असं वाटणारं ते दुखणं होतं.

चौथ्या भेटीला बाईने बाळाला तपासायच्या आधी वही उघडली. बराच वेळ पानं उलटली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी थांबते," ती म्हणाली.

"म्हणजे?" सूनबाई पुढे सरकली.

"एकूण वेळा तितक्याच आहेत. थोड्या वाढल्याच. मला वाटलं होतं, बाळ सैल झालंय, हसतंय. पण मला काय वाटतं याला किंमत नाही, वहीला आहे. डॉक्टर मागे काय म्हणाले होते? फरक नाही पडला तर?"

"नाकातून नळी घालायची तपासणी," सूनबाई सावकाश म्हणाली. "चोवीस तास ठेवतात ती. हात बांधावे लागतात त्याचे, ओढू नये म्हणून."

"मग त्यांच्याकडे जा. वेळ घालवू नका. मी चिठ्ठी देते."

आजोबा जिंकले होते. बाई हरली होती, आणि हरताना एक शब्दही वाकडा बोलली नव्हती. टेबलावर पडलेलं बाळ स्वतःच्या मुठीकडे बघत होतं. ती मूठ बांधलेली कशी दिसेल, हे आजोबांना एकदम दिसलं.

"पण मॅडम, दुपारीच वाढतंय ना?" सूनबाई म्हणाली. "सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा. माझ्याकडे असताना तो फारसा टाकतच नाही. लिहिलंय बघा." तिने बोटाने रकाना दाखवला. आवाजात काळजी होती, पण काळजीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते आजोबांनी लगेच ओळखलं. त्यांच्याच पोटातलं दुखणं होतं ते.

त्यांनी हात पुढे केला. "वही बघू."

चष्मा नाकावर ओढून त्यांनी आपल्या रकान्यातल्या खोट्या वेळा वरून खाली वाचल्या. तीन वीस. दुसऱ्या दिवशी, दोन वीस, चार वीस. तिसऱ्या दिवशी, एक वीस, तीन वीस. खात्यात असताना चहाच्या टपरीवर बसून लिहिलेलं रीडिंग ते लांबून ओळखत, कारण खरं मीटर असं ओळीत चालत नाही. एका पोराला त्यांनी याच कारणावरून वरच्या साहेबापुढे उभं केलं होतं.

मग त्यांनी शेजारचा रकाना वाचला. सकाळ दोन, संध्याकाळ एक. दोन, एक. दोन, एक. एकवीस दिवस.

दोरीवर कपडे वाळत घालणं त्यांच्याकडे होतं. साडेअकराला ते बादली उचलत तेव्हा तिच्यात सकाळची पाच-सहा लाळेरी भिजत पडलेली असायची.

त्यांनी सुनेकडे बघितलं. ती वहीकडे बघत नव्हती. बाळाचा पाय तिने मुठीत धरला होता.

"दुपारच्या निम्म्या खोट्या आहेत," आजोबा म्हणाले. "मी लिहिल्या."

सूनबाईने मान वर केली.

"का, बाबा?"

"साहेब यांच्या हातात गप्प होतो." त्यांनी बाईकडे न बघता हनुवटीने तिकडे खूण केली. "याला बरं वाटलं तर मला कोण मागणार? असं वाटलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही."

बाईने वही स्वतःकडे वळवली, दुपारचा रकाना बघितला, आणि मग बोट हळूच सकाळच्या रकान्यावर सरकलं.

"आणि या?"

"त्या बरोबर असतील," आजोबा चटकन म्हणाले. "ती माझ्यासारखी नाही. दुपारच्या तेवढ्या वजा करा, आणि मग काय ते ठरवा. नळीबिळीचं आत्ता नको."

सूनबाईने बाळाचा पाय सोडला. तिचे कान लाल झाले होते. तिने टेबलावरचं पेन उचललं, वही ओढून घेतली आणि पहिल्या दिवसाच्या सकाळपुढचा दोनचा आकडा खोडला. वर पाच लिहिलं. मग पुढच्या ओळीवर आली. तिथेही दोन खोडलं, आणि पेन तसंच वर धरून थांबली.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी किती लाळेरी होती हो?"

"सहा," आजोबा म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले, खरोखर आठवायचा प्रयत्न केला, आणि मान हलवली. "नाही. माहीत नाही मला. ती जागा रिकामी सोड."