इर्मेलीचा ठोकळा

“सतरा! सतरा नंबर कोणाचा?” चिखलातून कोणीतरी ओरडलं.

“माझा! हात लावू नका, माझा आहे तो!”

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाईंची कॉफी सांडली. सत्तरी उलटलेला मी, रबरी बूट चिखलात रुतवत पोरासारखा पळत सुटलो. माझा ठोकळा गंजून पार बटाट्यासारखा झाला होता, पण त्यावर ठोकलेला माझ्या बाकाचा नंबर शाबूत होता. मी तो डोक्यावर धरून नाचलो.

आमच्या सरकारी तंत्रशाळेला शंभर वर्षं झाली होती, आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी बंधाऱ्याचं दार उघडून वर्कशॉपमागचं तळं रिकामं केलं होतं. त्यामुळे अख्खं गाव तळ्यात उतरलं होतं. शाळेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हातात कानस मिळायची आणि लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा घासून काटकोनात आणायला लागायचा. मास्तर त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडे धरायचे. फटीतून जरा उजेड दिसला की ठोकळा खिडकीतून थेट तळ्यात. पहिला ठोकळा पास झालेला माणूस आमच्या गावात नाही.

म्हणजे, एक सोडून. ती काठावर उभी होती. माझी बायको, इर्मेली.

सकाळच्या भाषणात प्राचार्यांनी शाळेचा इतिहास सांगितला. कागद गिरणीला फिटर हवेत म्हणून सरकारने शाळा काढली, युद्धात छप्पर उडालं, नाव चारदा बदललं, आणि येत्या उन्हाळ्यात ती मोठ्या शहरातल्या कॉलेजात विलीन होणार. मग आवाज चढवून ते म्हणाले, “पण ज्याचा ठोकळा या तळ्यात नाही, असा एकही विद्यार्थी या शाळेने घडवला नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. इर्मेलीने वेलचीचा पाव बशीत परत ठेवला.

वर्कशॉपमधली ती पहिली मुलगी. लांपिनेन मास्तरांनी तिचा ठोकळा तळहातावर नुसता तोलला, “मुलीच्या मानानं छान आहे,” म्हणाले आणि तिला परत दिला. आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. त्यानंतर तिने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेली माणसं बाहेर आली की तिलाच विचारायची, मेकॅनिक कुठंय म्हणून. त्याचं ती हसून सोडून द्यायची. पण ठोकळ्याचं तिला फार लागलं होतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

“इर्मेली, बघ! सापडला!” मी धापा टाकत काठावर आलो.

“बघितलं. अख्ख्या गावानं बघितलं. नाक पूस.”

तेवढ्यात बंधाऱ्यावरचा भोंगा वाजला. दार लावून पुन्हा पाणी भरायला घेणार होते. लोक आरडाओरडा करत वर चढू लागले. इर्मेलीने पर्समध्ये हात घातला आणि तरातरा चालू लागली, मी तिच्या मागोमाग. काठाशीच खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन लांपिनेन मास्तर बसले होते. नव्वदीचे, पण डोळे अजून घारीसारखे.

“मास्तर, हा तपासायचा राहिलाय.”

ठोकळा चकचकीत होता. तेल लावून जपलेला.

मास्तरांनी वर पाहिलं. “तू खिडकीजवळच्या बाकावरची ना? तुझा तर मी पास केला होता.”

“पास नव्हता केलात. मुलीच्या मानानं छान, म्हणाला होतात.”

मास्तरांनी ठोकळा हातात घेऊन उलटापालटा केला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “मी गुण्या लावलाच नव्हता. अरे, गुण्या आणा कोणीतरी!”

आताच्या मास्तरांनी धावत जाऊन वर्कशॉपमधून आणला. लांपिनेन मास्तरांनी ठोकळा आभाळाकडे धरला, एक डोळा मिटला आणि एकेक कड बघू लागले. पाचवी झाली, सहावी झाली. इर्मेलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

“उजेड दिसतोय,” मास्तर म्हणाले.

“कुठं?”

“या कडेला. अगं, हा काय उजेड म्हणायचा! बैलगाडी जाईल यातून! हे असलं काम घेऊन माझ्यापुढं यायला लाज नाही वाटत?”

“वाटते, मास्तर,” इर्मेली म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती हसत होती. इतकी सुंदर ती मला लग्नातसुद्धा दिसली नव्हती.

मास्तरांनी हात मागे नेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ठोकळा भिरकावला. तो काठापासून हातभर अंतरावर चिखलात पडला. जरा लांब टाकावा म्हणून मी खाली वाकलो, तर इर्मेलीने मागून माझा कोट ओढला.

“हात लावू नकोस, रेयो. मास्तरांनी टाकलाय तो.”

सूप गार होतंय म्हणून लोक आत गेले. मास्तरांची खुर्चीही कोणीतरी ढकलत आत नेली. ठोकळ्यावर पाणी चढेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.